जुना पिच्चर, नवा पिच्चर अन् एकच वही: घरी पाहून मार्क कसे द्यायचे

आमच्याकडं विदर्भात गावोगाव आता पिच्चर म्हणजे घरचा टीव्ही नाहीतर हातातला मोबाईल, कारण तालुक्याची टॉकीज बंद पडली तरी किंवा चालू असली तरी रात्रीचा शो सुटल्यावर परत यायला गाडी नसते. पाहणं मात्र कमी झालं नाही, उलट वाढलं, अन् एवढं पाहून कोणी विचारलं की कसा होता तर उत्तर येतं मस्त होता नाहीतर बोअर होता, बस. महिन्याभरानं नावही आठवत नाही. म्हणून ही वहीची पद्धत सांगून राहिलो, जी कोणालाही घरी करता येते, लागते फक्त एक शंभर पानी वही, पेन्सिल, पेन अन् घरातले चार लोक.

मूळ गोष्ट आधीच सांगतो. जुना अन् नवा पिच्चर एकाच वहीत, एकाच मापानं मोजायचा. जुना आहे म्हणून दोन मार्क वाढवून द्यायचे नाहीत, नवा आहे, सगळे बोलून राहिले म्हणूनही वाढवायचे नाहीत. पण एकच माप लावायचं तर दोघांनाही नीट पाहिलं गेलं पाहिजे, अन् घरी जुन्या पिच्चरवर हमखास अन्याय होतो, खराब प्रत, ताणलेलं चित्र, कुलरचा आवाज, मधात लाईन गेली. त्यामुळं अर्धं काम मार्क द्यायच्या आधीचं आहे.

आधी जोडी लावा

एकटा पिच्चर निवडू नका, जोडी निवडा. एकाच विषयावरचा एक जुना, एक नवा. जोडी असली की मार्क देताना हवेत बोलावं लागत नाही, समोर दुसरा उभा असतो.

शेतकऱ्याची जोडी पहिली घ्या कारण आपल्याला त्यातलं खरंखोटं लगेच कळतं. बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ १९५३ चा, बलराज साहनी जमीन वाचवायला कलकत्त्यात जाऊन हातरिक्षा ओढतो. त्याच्यासोबत सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’, २००९ चा, विदर्भातल्या कापूसवाल्या शेतकऱ्याचा, ज्याची बायको त्याला क्षणभर एकटं राहू देत नाही कारण तिला भीती आहे की हाही जीव देईल. एकात माणूस गाव सोडतो, दुसऱ्यात गावातच अडकतो. इथं एक गोष्ट मनापासून सांगतो, तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी असं गेलं असेल तर हा दुसरा पिच्चर सगळ्यांना बसवून लावू नका. आधी एकट्यानं पाहा, मग घरातल्या त्या माणसाला विचारा, नको म्हटलं तर नको. वहीची एक ओळ रिकामी राहिली तर काही बिघडत नाही.

गावच्या राजकारणाची जोडी म्हणजे जब्बार पटेल यांचा ‘सामना’, जो १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, निळू फुले अन् श्रीराम लागू समोरासमोर, अन् उमेश कुलकर्णी यांचा ‘देऊळ’, २०११ चा. साखर कारखान्याचा मालक एकीकडं, देवाच्या नावावर उभं राहिलेलं दुकान दुसरीकडं. ज्यानं ग्रामपंचायत जवळून पाहिली त्याला दोन्हीत ओळखीचे चेहरे दिसतील.

तमाशा-नाटकाची जोडी तर आपल्याकडं तिहेरी होते. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२ चा, रवी जाधव यांचा ‘नटरंग’ २०१० चा, अन् त्याला जोडून ‘झॉलीवूड’, २०२२ चा, जो आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांवरच आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडच्या लोकांनी दिवाळीनंतर रात्रभर नाटकं पाहिली आहेत, वडसा म्हणजे त्या सगळ्या मंडळांचं ठाणं, त्यामुळं पडद्यावरचं खरं किती हे त्यांच्याइतकं कोणी सांगू शकत नाही.

बायकांच्या विषयावर ‘कुंकू’, १९३७, म्हातारा नवरा नाकारणारी पोरगी, शांता आपटे, अन् सोबत ‘उंबरठा’, १९८२, स्मिता पाटील, किंवा अगदी अलीकडचा ‘बाईपण भारी देवा’, २०२३. ही जोडी घरातल्या बायकांनीच निवडावी अन् त्यांच्या वेळेला लावावी, म्हणजे स्वयंपाक उरकायच्या घाईत पाहायला लागणार नाही.

पोट्ट्यांसाठी उलटं करा. मोठ्यांना मी आधी जुना अन् मग नवा असंच सांगतो, कारण आजच्या पिच्चरची कापाकापी इतकी वेगात असते की ते पाहून लगेच जुन्यावर आलं तर डोळा थांबतच नाही अन् जुना संथ वाटतो. पण ज्या पोरांनी काळापांढरा पिच्चर कधी पाहिलाच नाही त्यांना आधी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ दाखवा, परेश मोकाशींचा, त्यात दादासाहेब फाळके पिच्चर कसा बनवतात ते कळतं, अन् दुसऱ्या दिवशी फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चे जे तुकडे पाहायला मिळतात ते लावा. आता तीच पोरं टक लावून पाहतील, कारण पडद्यामागं काय चाललं होतं ते त्यांना आधीच माहीत आहे.

दोन पिच्चर एका रात्री कधीच नाही. मधात निदान एक दिवस जाऊ द्या.

प्रत कुठली हे तपासा

नावावर भरवसा ठेवू नका, नाव, साल अन् दिग्दर्शक तिन्ही टाकून शोधा, कारण एकाच नावाचे दोन-तीन पिच्चर असतात. मग लांबी पाहा. मूळ सव्वादोन तासांचा अन् तुमच्यासमोरचा पावणेदोन तासांचा असेल तर कोणीतरी गाणी किंवा सीन कापले, तो सोडा, दुसरी प्रत शोधा. कापलेल्या पिच्चरला मार्क देणं म्हणजे फाटलेला पेपर तपासणं. कधी तर शेवटच वेगळा असतो, ‘शोले’ चा मूळ शेवट १९७५ ला सेन्सॉरमुळं बदलावा लागला होता, त्यामुळं कोणता शेवट पाहिला तेही वहीत लिहा. अन् काळापांढरा पिच्चर मागाहून रंगवलेला असेल, जसा ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये रंगवून परत लावला, तर तेही लिहा. मला विचाराल तर मूळचाच पाहावा, कॅमेरामननं उजेड-अंधार काळ्यापांढऱ्यासाठीच मांडलेला असतो.

जुने पिच्चर फुकट अन् कायदेशीर मिळतात ही गोष्ट गावात फार कमी लोकांना माहीत आहे. आपल्या कायद्यात पिच्चरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळं प्रभात फिल्म कंपनीच्या काळातले, १९३०-४० चे पिच्चर यूट्यूबवर बिनधास्त पाहू शकता. दूरदर्शनवर, फ्री डिशवरही जुनं लागत राहतं अन् प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं अ‍ॅप आहे. नव्यासाठी एखाद्या ओटीटीचा महिन्याचा पॅक चार घरांनी विचार करून आळीपाळीनं घ्या, या महिन्यात तुमच्याकडं पाहू, पुढच्या महिन्यात आमच्याकडं. ग्रुपवर फिरणारी टॉकीजमध्ये मोबाईलनं काढलेली प्रत घेऊ नका. ते बेकायदेशीर तर आहेच, पण रंग उडालेले, आवाज घुमलेला, कोणाचं डोकं मधात, त्यावरून कॅमेऱ्याच्या कामाला मार्क देणार कसे?

लहान पोरं असली तर सुरुवातीची वयाची खूण पाहून घ्या. ओटीटीवर २०२१ च्या नियमांपासून ७, १३, १६ वर्षं अन् फक्त मोठ्यांसाठी असे गट लिहिलेले असतात, ते दोन सेकंद दिसून जातात, तेवढं वाचायचं.

नेट, लाईन अन् मोसम

नेटचा हिशोब करा. साध्या क्वालिटीत, म्हणजे ४८० वर, तासाला साधारण पाऊण जीबीच्या आसपास जातं, फुल एचडीत तासाला तीन जीबीपर्यंत. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर दोन तासांचा पिच्चर ४८० वर कसाबसा बसतो. अन् जुन्या पिच्चरला ४८० पुष्कळ वेळा पुरतं, कारण वर चढवलेली प्रतच तेवढी असते.

आता एक गोष्ट जी खूप जणांना फसवते. मोबाईलमध्ये अ‍ॅपवर पिच्चर डाउनलोड करून ठेवला, मग टीव्हीवर कास्ट केला, तर बहुतेक अ‍ॅपमध्ये टीव्ही ते मोबाईलमधून घेत नाही, स्वतः नेटवरून परत ओढतो. म्हणजे डाउनलोडचा डेटा गेला तो गेला, हॉटस्पॉटचाही गेला. अन् स्क्रीन मिररिंग, म्हणजे मोबाईलचा पडदाच टीव्हीवर दाखवायचा, असं केलं तर कित्येक ओटीटीवर टीव्हीवर काळं दिसतं, फक्त आवाज येतो. त्यामुळं टीव्हीवरच पाहायचं असेल तर डाउनलोडच्या नादी न लागता टीव्हीच्याच अ‍ॅपमध्ये क्वालिटी कमी करून हॉटस्पॉटवर लावा, मोबाईल खिडकीत किंवा स्लॅबवर जिथं रेंज येते तिथं ठेवून. केबलनं जोडायचं म्हणाल तर आधी खात्री करा की तुमच्या मोबाईलच्या पोर्टातून चित्र बाहेर जातं का, स्वस्तातल्या पुष्कळ मोबाईलमध्ये जात नाही, अन् अ‍ॅडाप्टर घेऊन आल्यावर कळतं.

लाईनचं टाइमटेबल गावाला पाठ असतंच, त्याच्या मधात बसेल असा पिच्चर निवडा. इन्व्हर्टर असेल तर काळजी नको, ३२ इंची एलईडी ५० वॅटच्या आसपास खातो, राउटर अजून दहा, एक पंखा ७५, म्हणजे दीडशे एएचच्या बॅटरीवर पूर्ण पिच्चर आरामात निघतो. कुलर त्यावर चालवू नका.

अन् कुलरचंच आलं म्हणून सांगतो, उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४५ ला टेकतो, कुलरशिवाय बसणं शक्य नाही, पण त्या घरघरीत हळू बोललेला एकही डायलॉग ऐकू येत नाही. मग लोक आवाज वाढवतात, गाणं लागलं की कान फाटतात, परत कमी करतात, अर्धा पिच्चर रिमोटवर जातो. उन्हाळ्यात दुपारी पाहूच नका. रात्री नऊनंतर कुलर अर्ध्या स्पीडवर, किंवा टीव्ही छपरीत काढून अंगणात खाटा टाका. पावसाळ्यात टिनाच्या घरात हीच अडचण, झड लागली की टिनावरचा आवाज कुलरच्या वरताण असतो. त्या दिवसांत मूकपट काढा नाहीतर खाली मराठी-हिंदी ओळी येणारा पिच्चर. फाळक्यांच्या मूकपटाला टिनावरच्या पावसानं काहीच फरक पडत नाही, उलट छान वाटतं.

कामाचे दिवस बघून ठरवा. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी अन् पुढं जानेवारीपर्यंत कापूस वेचणी, त्या काळात दिवसभर वाकून आलेला माणूस नऊ वाजता झोपेतच असतो, त्याच्याकडून मार्क मागणं चूक. तेव्हा हलकेफुलके, ‘अशी ही बनवाबनवी’ सारखे आधीच पाहिलेले लावा, वहीबिही नाही. घरातलं कोणी रात्री शेतात जागलीला जात असेल तर त्याच्यासाठी थांबा. खऱ्या जोड्या होळीनंतर लावाव्या, अन् टिनाचं घर नसेल तर श्रावणाच्या झडीतही.

टीव्ही कसा लावायचा

पिक्चर मोडमध्ये जाऊन सिनेमा किंवा मूव्ही निवडा, विविड नको, त्यात सगळ्यांची तोंडं लाल-नारिंगी होतात. शार्पनेस कमी करा. अन् मोशन किंवा स्मूथ असं काही लिहिलेलं दिसलं तर ते बंदच करा, त्यानं पिच्चर सिरीयलसारखा घसरडा दिसतो.

जुन्या पिच्चरचं चित्र जवळजवळ चौकोनी असतं, चारास तीन, त्यामुळं दोन बाजूला काळे पट्टे येतात. ते पट्टे राहू द्या! घरातले म्हणतील पूर्ण टीव्ही भर, पण भरला की माणसं आडवी फुगतात नाहीतर झूम केला की डोकी कापली जातात. दोन्हीत पिच्चर बिघडतो.

जवळ बसा. ३२ इंचीला चार-साडेचार फूट, ४३ इंचीला साडेपाच-सहा फूट. आपण भिंतीला टेकून दहा फुटांवर बसतो अन् मग म्हणतो चेहऱ्यावरचं काही दिसलं नाही. काळ्यापांढऱ्यासाठी ट्यूबलाईट बंद, मागं एखादा झिरोचा बल्ब चालेल.

आवाजाला टीव्हीत क्लिअर व्हॉइस किंवा डायलॉग असं असेल तर ते चालू करा. बाहेरचा स्पीकर लावायचा तर वायरनं लावा, ब्लूटूथवर ओठ आधी हलतात अन् आवाज मागून येतो. अन् ‘कुंकू’ लावताना हे मुद्दाम पाहा, शांतारामांनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही, घरातले, रस्त्यातले खरे आवाज वापरले, १९३७ मध्ये. आवाज नीट नसेल तर ही त्यांची सगळी करामत वाया जाते.

मार्क देताना

पिच्चर संपला की कोणी तोंड उघडायचं नाही. हा नियम सगळ्यात कडक पाळा, कारण घरातल्या मोठ्या माणसानं एकदा भारी होता म्हटलं की मग सगळे तेच म्हणतात. प्रत्येकानं चिठ्ठीवर आपले मार्क लिहायचे, दहापैकी, अर्धा चालतो. ज्यांना लिहिता येत नाही, आजी असेल, मोठी माय असेल, त्यांच्यासमोर तुरीचे दहा दाणे अन् एक वाटी ठेवा, जितके द्यायचे तितके वाटीत टाकायचे अन् वर झाकण. आजीच्या दाण्यांना तेवढीच किंमत जेवढी कॉलेजच्या पोराच्या चिठ्ठीला. श्यामची आई, संत तुकाराम असे पिच्चर ज्यांनी लहानपणी तंबूत पाहिले त्या बायांना पडद्यावरचं काय काय दिसतं हे ऐकून पाहा एकदा.

मार्क कशाचे? मी चार गोष्टी विचारायला सांगतो. गोष्ट शेवटपर्यंत ओढते का. माणसं खरी वाटतात का. पाहायला अन् ऐकायला काय मिळालं. अन् पिच्चरनं जे करायचं ठरवलं ते केलं का, हे चौथं सगळ्यात महत्त्वाचं, कारण हसवायला निघालेल्या पिच्चरनं रडवलं नाही म्हणून मार्क कापता येत नाहीत. चारींना वेगवेगळे आकडे देऊन बेरीज करू नका, बेरजेत पिच्चर हरवतो. चारीचा विचार करा अन् एकच आकडा द्या, पण त्यासोबत एक ओळ कारणाची लिहिलीच पाहिजे. कारण नाही तर मार्क नाही. अन् कारणात एक सीन पाहिजे, नुसतं अ‍ॅक्टिंग चांगली असं नाही, कोणत्या जागी चांगली ते.

प्रतीचे दोष वेगळ्या रकान्यात, त्याचे मार्क कापायचे नाहीत. रेघा, खरखर, मधात उडी, हे पिच्चरचं नाही, फिल्मच्या रिळाचं दुखणं आहे. जुनी नायट्रेटची रिळं पेटायची, सडायची, पुण्यात २००३ च्या आगीत जुन्या पिच्चरची कितीतरी रिळं जळाली, त्यामुळं जे हातात आलं त्याचंच मोल समजा. मूकपटात माणसं तुरुतुरु पळताना दिसतात तेही असंच, तेव्हा कमी वेगानं शूटिंग व्हायचं अन् आज जास्त वेगानं दाखवतात.

पण अ‍ॅक्टिंग नाटकी वाटली तर? इथं थोडं थांबून विचार करा. सुरुवातीच्या बोलपटात माइक लपवलेला असायचा, नट त्याच्या जवळ उभे राहूनच बोलायचे, पार्श्वगायन १९३५ च्या आसपास आलं त्याआधी सगळे स्वतः गायचे, अन् बहुतेक जण नाटकातून आलेले. हे समजून घ्या, अन् तरीही नाही पटलं तर मार्क कमी द्या, बिनधास्त. कारण त्याच काळात १९३६ च्या ‘संत तुकाराम’ मध्ये विष्णुपंत पागनीस इतके साधे वावरतात की आजही कुठं ओढून आणलेलं वाटत नाही, तो पिच्चर व्हेनिसपर्यंत गाजला. म्हणजे त्या काळातही साधं करता येत होतं. म्हणूनच म्हणतो सवलत नको, सवलत दिली की पागनीसांचं काम अन् दुसऱ्या कोणाचं ओरडणं एकाच पंक्तीत जाऊन बसतं.

नव्याच्या बाबतीत उलटा मोह होतो. आपला नागपूर दिसला, आपली बोली ऐकू आली की मार्क आपोआप वाढतात. ‘झुंड’ २०२२ चा, नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं अन् फुटबॉल, आपल्याला जवळचा वाटणारच, अन् वाटावाच. पण कारणाच्या ओळीत आपला आहे म्हणून असं लिहावं लागलं तर परत विचार करा. तसंच विषय चांगला म्हणून मार्क देऊ नका. शेतकऱ्यावर, बाईवर, जातीवर पिच्चर आहे एवढ्यानं तो चांगला होत नाही, ‘फँड्री’ चांगला आहे तो त्यातल्या जब्या नावाच्या पोराच्या चेहऱ्यामुळं अन् शेवटी त्यानं फेकलेल्या त्या दगडामुळं.

संथ पिच्चरला घाईत मार्क देऊ नका. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ लावा, कॅमेरा एका जागी थांबून राहतो, पहिल्या रात्री घरात निम्मे लोक तीन-चार देतील. तालुक्याच्या कोर्टात ज्यांनी तारखा केल्या आहेत ते मात्र हमखास वेगळं बोलतील, त्यांना आधी बोलू द्या.

चिठ्ठ्या उघडल्या की सरासरी काढू नका. सगळ्यात जास्त कोणी दिले, सगळ्यात कमी कोणी दिले, ती दोन नावं अन् दोन कारणं वहीत लिहा. सगळ्यांनी सहा-सात दिले असतील तर दोन मिनिटांत झोपायला जा. एकानं नऊ अन् दुसऱ्यानं तीन दिले असतील तर चिवडा-मुर्मुरे काढा अन् बसा, कारण बोलण्यासारखा पिच्चर हाच. फक्त मार्क बदलायला कोणावर जोर टाकू नका, लहान पोराच्या तीनवर तर मुळीच नाही.

पहिल्या रात्रीचे मार्क पेन्सिलीनं. जोडीतला दुसरा पाहून झाला की अन् साधारण आठ दिवस गेले की वही परत उघडा, अन् न पाहता सांगा त्यातलं काय आठवतं. मग पेनानं पक्का आकडा लिहा, पेन्सिलीचा खोडू नका, दोन्ही राहू द्या. पुष्कळदा जुना पिच्चर इथं वर चढतो अन् गाजलेला नवा खाली येतो, कधी अगदी उलटही होतं. पूर्ण दहा मात्र दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय कोणालाच द्यायचे नाहीत.

वहीच्या मागच्या चार पानांवर कोणासाठी असं लिहून ठेवा, आकड्यापेक्षा गावात याचाच जास्त उपयोग होतो. बारक्या पोरांसोबत, आजी एकटी असताना, पाहुणे आले तर, एकट्यानंच पाहायचा. शेजारचं कोणी विचारायला आलं की समोरचं पान नाही, हे मागचं पान उघडून द्या, अन् त्यांनी पाहिला की त्यांचेही मार्क अन् कारणाची ओळ त्यांच्याच हातानं तिथं लिहून घ्या.